डिस्प्लेचे जुने ओळखक्रमांक (एसीपीआय)

डिस्प्लेचे जुने ओळखक्रमांक म्हणजे एसीपीआय या मानकाच्या आरंभीच्या काळात संगणकाच्या फर्मवेअरने डिस्प्ले उपकरणांना दिलेले ठरावीक अंक होत. फर्मवेअर आणि संचालन प्रणाली यांच्यातील व्यवहाराचे नियम सांगणारे हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार फर्मवेअर आपल्याकडील डिस्प्लेंची यादी देते व तीतील प्रत्येक नोंद ३२ बिटांची असते.

जुने क्रमांक निव्वळ संकेताने ठरलेले होते. षोडशमान पद्धतीत ०१०० म्हणजे मॉनिटर, ०११० म्हणजे लॅपटॉपचा अंगचा एलसीडी पडदा आणि ०२०० म्हणजे दूरचित्रवाणी संच. पुढे आलेल्या योजनेत मात्र अंकाच्या प्रत्येक भागाला अर्थ मिळाला. ८ ते ११ या बिटांत उपकरणाचा प्रकार येतो : १ सीआरटी, २ दूरचित्रवाणी, ३ बाह्य डिजिटल मॉनिटर, ४ अंगचा सपाट पडदा. नवी योजना वापरली आहे हे ३१ वा बिट सांगतो. तो शून्य असल्यास हे नियम लागू होत नाहीत.

खरी अडचण ०११० या क्रमांकाची आहे. नव्या नियमाने वाचल्यास त्यातील प्रकार १ निघतो, म्हणजे लॅपटॉपचा पडदा सीआरटी ठरतो. ०१०० व ०२०० यांचा अर्थ दोन्ही योजनांत जुळत असल्याने ही चूक सहज नजरेत भरत नाही. तिचा परिणाम मात्र वापरकर्त्याला जाणवू शकतो : काही संगणकांवर लिनक्सचा ड्रायव्हर एलसीडी म्हणून ओळखलेल्या पडद्यासाठीच उजेड कमी-अधिक करण्याची सोय नोंदवतो.

म्हणून लिनक्समधील एसीपीआय व्हिडिओ ड्रायव्हर आधी ३१ वा बिट पाहतो. तो नसल्यास अंकाचे भाग न पाडता संपूर्ण अंक वरील तीन क्रमांकांशी ताडतो. तत्पूर्वी १६ वा आणि १८ ते २० हे बिट वगळावे लागतात. फर्मवेअरला उपकरण स्वतः ओळखता येते का हे १६ वा बिट दर्शवतो, तर उरलेले तीन चित्र कोणत्या मार्गाने जाते ते सांगतात. उपकरणाच्या प्रकाराशी त्यांचा संबंध नसतो. ते तसेच ठेवले तर ओळखीचा क्रमांकही अनोळखी ठरेल. तिन्हींपैकी कशाशीच न जुळणारे उपकरण ‘अज्ञात’ म्हणून नोंदले जाते; अंदाजाने प्रकार ठरवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

फर्मवेअर नवी योजना पाळत असूनही ३१ वा बिट लावत नसेल, तर तो लावलेला आहे असे गृहीत धरण्याची आज्ञा ड्रायव्हरला एका पर्यायाद्वारे देता येते.