शरदातील हवामान अंदाज आणि धानावरील तुडतुडे

परतीच्या पावसाच्या काळात धान लोंबीवर येते. तेव्हाची ढगाळ, दमट व उबदार हवा दाट पिकात तपकिरी तुडतुड्यांच्या वाढीस पोषक ठरते. ही कीड बुंध्याशी राहून रस शोषते. त्यामुळे पीक गोलाकार करपेपर्यंत ती सहसा लक्षात येत नाही. भारतीय हवामान विभागाची कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी पुढील ५ दिवसांचा अंदाज देते. त्यात पावसाबरोबरच आर्द्रता आणि ढगांचे प्रमाणही पाहावे. ती वाढणार असल्यास चुडांच्या बुंध्यांचे निरीक्षण करावे. प्रति चूड सुमारे १० तुडतुडे आढळल्यास बांधीतील पाणी काढून शिफारशीतील कीटकनाशक बुंध्यावर फवारावे. पावसाचा अंदाज असल्यास मात्र फवारणीसाठी उघडिपीची वाट पाहावी.