राष्ट्रपतिपदाचे पस्तीस दिवस : न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांची कारकीर्द

प्रस्तावना

पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक परिसरातील माणसाला पूर्वी उच्च न्यायालयात दाद मागायची झाल्यास नागपूरला जावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा आणि त्याच्याबरोबर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. अपिलाची वाट नागपूरऐवजी जबलपूरकडे वळली. त्याच वेळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेही मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले.

पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले, उपराष्ट्रपती झाले आणि दोन वेळा राष्ट्रपतिपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. ही तिन्ही पदे सांभाळलेली भारतातील ती एकमेव व्यक्ती होय. ‘पहिले मुस्लिम सरन्यायाधीश’ अशी त्यांची ओळख सर्वसाधारणपणे करून दिली जाते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. एका पदावरून दुसऱ्या पदावर जाताना त्या त्या पदाची मर्यादा त्यांनी कशी पाळली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण

हिदायतुल्ला यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ रोजी झाला. वडील खानबहादूर हाफिज विलायतुल्ला हे सरकारी अधिकारी आणि उर्दूतील कवी होते. घरातच उर्दूचे संस्कार झाले. रायपूर येथील शासकीय शाळा, नागपूरचे मॉरिस कॉलेज आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास आहे. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन ते नागपूरला परतले व वकिली करू लागले. वकिलीबरोबरच नागपूरच्या विधी महाविद्यालयात त्यांनी १९३५ ते १९४३ या काळात अध्यापनही केले. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले आणि १९४६ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

फाळणीने अनेक घरांप्रमाणे हे घरही विभागले. थोरले बंधू मोहम्मद इकरामुल्ला पाकिस्तानचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्ला मात्र नागपूरलाच राहिले. १९५४ मध्ये ते तेथील मुख्य न्यायाधीश झाले, १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सरन्यायाधीश झाले.

१९६९ चा पेच

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. घटनेच्या अनुच्छेद ६५ नुसार उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला. पण उपराष्ट्रपतीही पदावर नसतील तर काय, याचे उत्तर घटनेत थेट दिलेले नव्हते. अशा प्रसंगासाठी तरतूद करण्याचा अधिकार अनुच्छेद ७० ने संसदेला दिला होता. त्यानुसार मे १९६९ मध्येच संसदेने कायदा केला व अशा वेळी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतीची कार्ये पार पाडावीत असे ठरवले. दोन महिन्यांतच त्या कायद्याची गरज पडली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी गिरी यांनी राजीनामा दिला आणि २० जुलै १९६९ रोजी न्या. हिदायतुल्ला कार्यवाहू राष्ट्रपती झाले. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन याच काळात भारतभेटीवर आले होते.

खरी कसोटी मात्र वेगळीच होती. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश गिरी यांच्या सहीने १९ जुलै रोजी निघाला होता. त्याची जागा घेणारे विधेयक संसदेने मंजूर केले आणि ते संमतीसाठी हिदायतुल्ला यांच्यापुढे आले. संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा निर्णय १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात देणाऱ्या बहुमतात ते स्वतः होते. मालमत्तेचा हक्कही त्या वेळी मूलभूत हक्कच होता. तरीही ९ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांनी विधेयकाला संमती दिली. येथे विसंगती नाही. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, हा संसदीय पद्धतीचा संकेत आहे. कायदा वैध की अवैध, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

२४ ऑगस्टला गिरी यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि हिदायतुल्ला सरन्यायाधीशपदावर परतले. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्या. जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली अकरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. त्यात सरन्यायाधीश नव्हते. ज्या हाताने संमतीची सही केली, त्याच हाताने त्या कायद्याचा निवाडा लिहिणे उचित ठरले नसते. १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द झाला आणि सरकारला नवा अध्यादेश काढावा लागला.

उत्तरकाळ

डिसेंबर १९७० मध्ये ते निवृत्त झाले. १९७९ मध्ये त्यांची उपराष्ट्रपतिपदी बिनविरोध निवड झाली व १९८४ पर्यंत त्यांनी ते पद भूषवले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले असता त्यांनी पुन्हा राष्ट्रपतीची कार्ये पाहिली. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

समारोप

हिदायतुल्ला कोणत्याही पक्षाचे नव्हते आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी कधी लढवली नाही. त्यांच्याकडे ते पद कायद्याने आले आणि कायद्यानेच गेले. नागरिकशास्त्र शिकवताना राष्ट्रपतीचे अधिकार पाठ करून घेतले जातात. त्या अधिकारांच्या सीमा मात्र विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहत नाहीत. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. तेथील वर्गात शिक्षकाने एवढेच विचारून पाहावे : स्वतःच सही केलेल्या कायद्याचा न्याय सरन्यायाधीशांनी करावा काय? मुलांचे उत्तर काहीही येवो, सत्तेची विभागणी कशासाठी असते याची चर्चा तेथूनच सुरू होईल. आणि ज्यांच्या उदाहरणाने ती सुरू होईल, ते गृहस्थ त्यांच्याच जुन्या राजधानीत, नागपुरात, शिकले आणि शिकवून गेले आहेत, हेही त्यांना कळेल.