ट्रेड सुचवण्याआधीचे चार प्रश्न

नेट साथ देत नाही किंवा इयरफोन घरी राहिले, अशांसाठी हा आजचा भाग वाचायला. विषय तुमच्याच व्हॉइस नोट्समधून आलाय: ट्रेड.

आमचं सौंदड नागपूर-रायपूर हायवेवर, गोंदिया जिल्ह्यात. ट्रेडची खिडकी उघडली की टपरीवर प्रत्येक जण टीमचा मालक होतो. "दोन बॉलर देऊन टाक ना बे, बदल्यात बुमराह घे!" एनबीए बघणारे पोट्टेही कमी नाहीत. तिकडचा ट्रेडचा शेवटचा दिवस फेब्रुवारीत येतो. २०२५ मध्ये ती वेळ होती ६ फेब्रुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ३, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. तरी लोक जागे होते.

वाद घालायला मजा येते, घाला. पण ट्रेड खरंच होऊ शकतो का, हे तपासायला चार प्रश्न पुरतात. कोडमध्ये जसे इफ-एल्स असतात, तसंच समजा. एका ठिकाणी "नाही" आलं की ट्रेड तिथेच संपला.

पहिला प्रश्न: पैसा जुळतो का?

एनबीएमध्ये पगारावर सॅलरी कॅप असते आणि ती ओलांडलेल्या टीमला देणाऱ्या-घेणाऱ्या पगारांचा मेळ घालावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सला दिला आणि अँथनी डेव्हिस घेतला. दोघांचाही त्या सीझनचा पगार साधारण ४.३ कोटी डॉलर. सोबत मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक डॅलसला गेला. बेरीज बसवायला युटा ही तिसरी टीमसुद्धा या व्यवहारात आली.

आयपीएलमध्ये कॅपच्या जागी पर्स असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं, तेव्हा त्याची किंमत होती १५ कोटी. पर्समध्ये तेवढी जागा कुठून आली? १७.५ कोटींचा कॅमेरून ग्रीन बेंगळुरूला गेला म्हणून. बातमीत हार्दिक मोठा दिसला, पण ग्रीनशिवाय तो हिशोब बसला नसता. मुंबईने गुजरातला वेगळी ट्रान्सफर फी किती दिली, ते जाहीर झालं नाही. ती पर्समध्ये मोजतही नाहीत.

दुसरा प्रश्न: जागा आहे का?

आयपीएल टीममध्ये जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी ८. नोव्हेंबर २०२५ चा संजू सॅमसनचा ट्रेड आठवा. संजू राजस्थानकडून चेन्नईला, बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन. ऐकायला सोपं. पण राजस्थानकडे ८ परदेशी आधीच होते आणि पर्समध्ये उरले होते फक्त ३० लाख.

आता बेरीज करा. संजू १८ कोटींचा. जडेजाही १८ कोटींचा, वर करनचे २.४ कोटी, म्हणजे २०.४. राजस्थानला २.४ कोटी जास्त लागणार होते. शेवटी जडेजाची किंमत १४ कोटी ठरली. १४ अधिक २.४ म्हणजे १६.४, त्यामुळे पर्सला हात लावावा लागला नाही. हसरंगा आणि तीक्षणा हे दोन परदेशी सोडले, तेव्हा करनची जागाही झाली. टपरीवर हा ट्रेड दहा सेकंदांत होतो. प्रत्यक्षात एकाची किंमत ४ कोटींनी उतरते आणि दोघांची टीम सुटते.

तिसरा प्रश्न: समोरच्याला काय मिळतं?

आपले निम्मे ट्रेड इथेच पडतात. आपल्याला नको असलेला बॉलर समोरच्याने का घ्यावा? मोबाइल एक्सचेंजला नेतो तेव्हा फुटलेल्या स्क्रीनचे पूर्ण पैसे कुणी देत नाही, तसंच हे. मित्राला ट्रेड सांगण्याआधी स्वतः समोरच्या टीमचे फॅन बना आणि विचारा, "मी हो म्हटलं असतं का?"

चौथा प्रश्न: खेळाडूला विचारलंय का?

दोन्ही लीगमधला सर्वात मोठा फरक इथे आहे.

एनबीएमध्ये बहुतेक खेळाडूंना विचारतच नाहीत. नो-ट्रेडची अट हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच करारांत असते. डॉन्चिचकडे ती नव्हती. आदल्या वर्षी ज्या टीमला त्याने फायनलला नेलं, तिने रातोरात आपल्याला दिलं, याची त्याला आधी कल्पना नव्हती. आम्हा आयटीवाल्यांनाही एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर टाकतात, पण फारच झालं तर राजीनामा देऊन आपल्याला दुसरी कंपनी बघता येते. करारात अडकलेल्या खेळाडूला असं हवं त्या टीममध्ये जाता येत नाही.

आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. दोन टीम तयार असल्या तरी तो नाही म्हणाला तर ट्रेड होत नाही. पण उलट दिशेने रस्ता बंद आहे, म्हणजे खेळाडू स्वतः दुसऱ्या टीमशी बोलणी करू शकत नाही. याच जडेजावर २०१० मध्ये एका सीझनची बंदी आली होती. आरोप हा की राजस्थानशी करार असताना त्याने दुसऱ्या टीमशी बोलणी केली. मजा बघा, १५ वर्षांनी तोच जडेजा नियमाने ट्रेड होऊन राजस्थानलाच परतला. आपल्या पालघरचा शार्दुल ठाकूर तर तीनदा ट्रेड झालाय. २०२५ मध्ये लखनऊकडून २ कोटींत मुंबईला आला, तो तिसरा.

मग राग कुणावर काढायचा?

चार प्रश्न तुमच्या कामी येतीलच, पण आजचा भाग मला खरं तर यासाठी करायचा होता.

१५ डिसेंबर २०२३ ला मुंबईने रोहितच्या जागी हार्दिकला कॅप्टन केलं. २०२४ च्या सीझनमध्ये आपल्याच वानखेडेवर आपल्याच कॅप्टनची हुर्यो उडाली. टीम शेवटच्या, दहाव्या नंबरावर गेली. हार्दिकने ट्रेडला होकार दिला होता, हे खरं. त्यामुळे तो टीकेपलीकडे नाही. पण रोहितचं कॅप्टनपद काढायचा निर्णय फ्रँचायझीचा होता. आपण शिव्या कुणाला दिल्या? जो मैदानात समोर दिसत होता त्याला. आतल्या खोलीत बसून निर्णय घेणारे दिसत नव्हते, ते सुटले.

डॅलसमध्ये उलटं झालं. ९ एप्रिल २०२५ ला डॉन्चिच लेकर्सच्या जर्सीत तिथे परतला आणि ४५ पॉइंट केले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि ट्रेड करणाऱ्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढा, अशा घोषणा दिल्या. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनला काढलं. फक्त घोषणांमुळे काढलं असं मी म्हणत नाही, टीम हरतही होती. पण लोकांचा राग योग्य दारावर गेला होता.

आणि वानखेडेचं पुढे काय झालं? २९ जून २०२४ ला वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकने टाकली. ४ जुलैला टीम वानखेडेवर आली, तेव्हा त्याच स्टँडमधून "हार्दिक, हार्दिक" ऐकू आलं. माणूस तोच, मैदान तेच, मध्ये गेले तीन महिने. ते तीन महिने त्याने कसे काढले असतील, हे कमेंट टाकण्याआधी आपण विचारत नाही.

तर पुढच्या खिडकीत ट्रेड जरूर सुचवा. पैसा, जागा, समोरच्याचा फायदा आणि खेळाडूचा होकार, एवढं तपासा. ट्रेड फसला तर आधी बघा की सही कुणाची होती.

तुमचा ट्रेड एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा, बेरजेसकट. बेरीज बसली तर पुढच्या भागात वाजवतो. नाही बसली तरी वाजवतो, पण मग हसायला तयार राहा भाऊ! भेटू.