शहरी हरित क्षेत्र

शहरी हरित क्षेत्र म्हणजे शहराच्या हद्दीतील वनस्पतींनी आच्छादलेली जमीन होय. उद्याने, रस्त्याकडेची झाडे, शाळांची वृक्षाच्छादित पटांगणे, नदीकाठ व नागरी वने यांचा त्यात समावेश होतो. ही क्षेत्रे शहरातील उष्णता कमी करतात; मुलांच्या आरोग्याशीही त्यांचा संबंध आढळला आहे.

शीतलीकरणाची प्रक्रिया

काँक्रीट व डांबर दिवसा उष्णता शोषून रात्री ती हळूहळू बाहेर टाकतात. त्यामुळे शहर भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा अधिक उष्ण राहते. यास 'नागरी उष्णता बेट' म्हणतात. ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये असा फरक नोंदवला होता.

झाडांच्या सावलीमुळे जमीन व भिंती कमी तापतात. बाष्पोत्सर्जनात पानांतील पाण्याची वाफ होताना भोवतालची उष्णता वापरली जाते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. २०१० मधील एका आढाव्यानुसार उद्यानांतील हवा दिवसा उर्वरित शहरापेक्षा सरासरी ०.९४ अंश सेल्सिअसने थंड आढळली. पाण्याची टंचाई असल्यास पर्णरंध्रे मिटतात व हा परिणाम घटतो.

मुलांचे आरोग्य

लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने अधिक असते व त्यांना घाम कमी येतो. शिवाय पाणी व सावलीसाठी ती मोठ्यांवर अवलंबून असतात. म्हणून तीव्र उष्णतेचा त्यांना अधिक धोका असतो.

बार्सिलोनातील ७ ते १० वर्षे वयाच्या २,५९३ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात (२०१५), शाळेच्या परिसरातील हिरवाईचा संबंध कार्यकारी स्मृतीच्या अधिक प्रगतीशी आढळला. वाहनांच्या प्रदूषणातील घट हे त्याचे अंशतः कारण मानले गेले. मात्र असे अभ्यास सहसंबंध दर्शवतात. कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा प्रभाव पूर्णपणे वेगळा काढणे कठीण असते. काही वृक्षांच्या परागकणांमुळे दमा व ॲलर्जी बळावू शकते.

उपलब्धता व नियोजन

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने घरापासून ३०० मीटरच्या आत किमान ०.५ ते १ हेक्टरचे सार्वजनिक हरित क्षेत्र असावे, असे सुचवले आहे. युरोपातील ९३ शहरांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार वृक्षाच्छादन ३० टक्क्यांपर्यंत वाढवल्यास २०१५ च्या उन्हाळ्यातील २,६४४ अकाली मृत्यू टळू शकले असते.

शहराचे सरासरी वृक्षाच्छादन पुरेसे असले तरी त्याचे वाटप विषम असू शकते. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारखे विस्तीर्ण वन आहे. परंतु त्यापासून दूरच्या दाट वस्त्यांतील पत्र्याच्या घरांना त्याची सावली मिळत नाही. लहान मूल एकटे दूर जाऊ शकत नसल्याने, त्याच्यासाठी चालत जाण्याच्या अंतरावरील लहान बाग व शाळेच्या अंगणातील झाड अधिक महत्त्वाचे ठरते.