‘दात खाणे’ : एक शब्दप्रयोग आणि विद्यार्थ्यांची झोप

मराठीत ‘दात खाणे’ हा प्रयोग दोन अर्थांनी चालतो. निजलेला मनुष्य नकळत दातांवर दात घासतो, तेव्हा तो दात खातो. संतापलेला मनुष्यही दुसऱ्यावर दातओठ खातो. छत्रपती संभाजीनगरात मराठीबरोबर कानांवर पडणारी दखनी-उर्दूही ‘दाँत पीसना’ या प्रयोगात हाच दुहेरी अर्थ वागविते. एरवी ही द्वयर्थता निरुपद्रवी होय. विद्यापीठातील विद्यार्थ्यांची पाहणी करावयाची झाल्यास मात्र तशी राहत नाही.

वैद्यकाने या दोन अवस्था वेगळ्या मानल्या आहेत. २०१८ मधील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतैक्यानुसार झोपेतील व जागेपणीची जबड्याच्या स्नायूंची हालचाल हे भिन्न व्यवहार आहेत, आणि अन्यथा निरोगी व्यक्तीत ती आपोआप रोग ठरत नाही. झोपेत ती बहुधा मेंदूच्या क्षणिक जागृतीबरोबर घडते. चिंता व मानसिक ताण यांचा संबंध अधिक स्पष्टपणे दिसतो तो जागेपणी दात आवळून धरण्याशी; आणि या आवळण्याला आवाज नसतो. नैराश्यावरील काही औषधांनीही दात खाण्याची सवय लागते, म्हणजे कार्यकारणाची दिशा कधी उलटीही असू शकते.

आता ‘तुम्ही दात खाता काय?’ हा एकच प्रश्न विचारला, तर काय होईल? शब्दाचा संतापाचा अर्थ घेणारा ‘नाही’ म्हणेल. खोलीत एकटा राहणाराही ‘नाही’ म्हणेल, कारण त्याचा आवाज ऐकणारा कोणी नाही. वसतिगृहात सोबत्याची तक्रार ऐकून ‘होय’ म्हणणारा विनाकारण चिंताग्रस्तांत गणला जाईल, आणि परीक्षेच्या दिवसांत पुस्तकावर मान घालून दात आवळणारा, ज्याची विचारपूस खरोखर व्हावयास हवी, तो निसटेल.

झोपेची गुणवत्ता मोजणारी, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली पिट्सबर्ग प्रश्नावलीही येथे पुरी पडत नाही. तिच्यात स्वतः द्यावयाची उत्तरे १९ असून खोलीतील सोबत्यासाठी आणखी ५ प्रश्न आहेत. त्यांत घोरण्याविषयी विचारले आहे, दात खाण्याविषयी नाही. शिवाय ही पाच उत्तरे गुणांकनात धरली जात नाहीत.

तेव्हा मराठी प्रश्नावलीत निदान तीन प्रश्न सुटे असावेत : झोपेत दातांचा करकर आवाज होतो, असे कोणी सांगितले आहे काय, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला वाटतो काय, जागेपणी, वाचताना वा लिहिताना, दात आवळलेले असल्याचे ध्यानात येते काय. ‘दातखीळ’ हा शब्द येथे टाळावा. ऐकणाऱ्याच्या मनात तो धनुर्वाताचे भय उभे करतो.