सेवा ‘करणे’ आणि सेवा ‘देणे’

इंग्रजीतील ‘सर्व्ह’ हे क्रियापद शाळेच्या शब्दार्थसूचीत ‘सेवा करणे’ या एका अर्थावर भागवले जात असले, तरी त्याचा खरा व्याप एवढा मोठा आहे, की मराठीला त्याच्यासाठी निदान पाच-सहा निरनिराळी क्रियापदे कामाला लावावी लागतात. पानात अन्न पडते तेव्हा ते ‘वाढणे’ असते, न्यायालयाचे समन्स पक्षकाराच्या हाती पडते तेव्हा ते ‘बजावणे’ असते, कैद्याच्या बाबतीत शिक्षा ‘भोगणे’ होते, एखाद्या वस्तूने गरज भागली तर ‘काम भागणे’ किंवा ‘हेतू साधणे’ होते, आणि व्हॉलीबॉलच्या मैदानावर भाषांतराच्या भानगडीत न पडता पोरे सरळ ‘सर्व्हिस’ टाकतात. वळूकडून गाय फळवण्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. त्यामुळे कृषी महाविद्यालयात पशुसंवर्धन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गाय व्याल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतच्या काळासाठी ‘सर्व्हिस पिरियड’ ही संज्ञा भेटते, आणि तिचे ‘सेवाकाल’ असे भाषांतर कोणी केलेच, तर ते एखाद्या कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या हिशेबासारखे दिसेल.

या साऱ्या अर्थांच्या मुळाशी गुलामगिरी आहे. लॅटिन भाषेत ‘सेर्वुस’ म्हणजे गुलाम आणि ‘सेर्वीरे’ म्हणजे गुलाम म्हणून राहणे, धन्याच्या हुकमात असणे. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमध्ये ‘सेर्व्हिर’ झाले, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर त्यांच्या फ्रेंचमार्गे ते तिकडे पोहोचले आणि बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजी लेखनात रुळले. सरंजामदाराच्या जमिनीला बांधलेला ‘सर्फ’, घरकाम करणारा ‘सर्व्हंट’ आणि फौजेतला ‘सार्जंट’ ही तिन्ही नावे याच मुळापासून निघाली आहेत. जेवणाच्या शेवटी येणाऱ्या गोड पदार्थाला ‘डेझर्ट’ म्हणतात, तेही याच कुळातले. कारण फ्रेंचमध्ये वाढण्याच्या उलट क्रियेला, म्हणजे मेजावरची ताटे उचलण्याला, याच धातूपासून बनलेले क्रियापद होते आणि ताटे उचलल्यानंतर जे येई त्याला ते नाव पडले. ‘डिझर्व्ह’ या क्रियापदाचा मूळ अर्थ चाकरी करून कमावणे असा होता आणि पुढे त्यातूनच पात्र असण्याचा अर्थ आला. गुलामाच्या या शब्दाला मानाची जागा मिळवून देण्यात ख्रिस्ती धर्माचा मोठा वाटा होता, कारण देवाचा दास होणे ही तेथे भूषणाची गोष्ट ठरली; सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर आलेल्या पहिल्या ग्रेगरीने स्वतःसाठी ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद वापरले.

‘सर्व्ह’ आणि ‘सेवा’ यांच्या उच्चारांतील साम्यावरून दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत असा तर्क अनेकदा केला जातो, पण तो टिकत नाही. संस्कृतातील ‘सेव्’ या धातूचा जुना अर्थ जवळ राहणे, एखाद्या ठिकाणी वारंवार जाणे, आश्रय घेणे असा आहे. त्यातून एकीकडे जवळ राहून शुश्रूषा करणे हा अर्थ निघाला आणि दुसरीकडे उपभोग घेणे हा निघाला, म्हणूनच मराठीत औषधाचे ‘सेवन’ करतात आणि रुग्णाची ‘सेवा’ करतात. धन्याचा हुकूम हा लॅटिन शब्दाचा पाया आहे, तर सान्निध्य हा संस्कृत शब्दाचा पाया आहे. हा फरक भाषाशास्त्राच्या पुस्तकापुरता राहिला असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु एकोणिसाव्या शतकात हे दोन शब्द एकमेकांसमोर आले आणि तेव्हापासून मराठीतल्या ‘सेवा’ या शब्दावर ‘सर्व्हिस’ची छाया पडत गेली.

त्याआधीच्या मराठीत पोटासाठी केल्या जाणाऱ्या कामाला ‘चाकरी’ आणि ‘नोकरी’ हे फारसीतून आलेले शब्द होते, आणि ‘सेवा’ हा शब्द देव, गुरू, आईवडील व स्वामी यांच्यासाठी राखलेला होता. पेशवाईतल्या पत्रांत वरिष्ठांना उद्देशून ‘स्वामींचे सेवेसी’ असे लिहिले जाई, आणि तहसील कार्यालयात दाखल होणाऱ्या अर्जाच्या माथ्यावर ‘यांचे सेवेशी’ हे शब्द आजही दिसतात. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या राज्यातल्या ‘सिव्हिल सर्व्हिस’ला प्रतिशब्द शोधताना ‘चाकरी’ मागे पडली आणि ‘सेवा’ पुढे आली. त्यातूनच सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती, लोकसेवा आयोग आणि १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर ही सगळी संज्ञांची मालिका तयार झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावात ‘सर्व्हंट’ हा शब्द जाणूनबुजून घेतला होता, मराठीत ती ‘भारत सेवक समाज’ झाली, आणि ज्या काळी सरकारी नोकराला ‘पब्लिक सर्व्हंट’ म्हटले जात असतानाही तो जनतेचा धनी होता, त्या काळी त्या नावाला धार होती. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली उभ्या राहिलेल्या सेवासदनाने हाच शब्द स्त्रियांच्या शिक्षणाशी आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाशी जोडला.

स्वामी विवेकानंदांचे यासंबंधीचे विवेचन अधिक मूलगामी आहे, आणि ते इंग्रजीत बोलत असल्यामुळे त्यांना ‘सर्व्ह’ हेच क्रियापद हाताळावे लागले, हे विशेष. पश्चिमेकडून परतल्यावर १८९७ साली मद्रासमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी मदत करणे आणि सेवा करणे यांत रेषा ओढली: मदत करणारा स्वतःला वरच्या पायरीवर समजतो, म्हणून कोणी कोणाला मदत करू शकत नाही, समोरच्यात ईश्वर पाहून त्याची फक्त सेवा करता येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी १ मे रोजी कोलकात्यात रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. गुलामीतून निघालेल्या इंग्रजी क्रियापदात त्यांनी येथे संस्कृत धातूतले सान्निध्य आणि पूजन भरले. सेवा करणाऱ्याचे खालचे स्थान त्यांनी तसेच ठेवले, पण ते सक्तीचे न राहता स्वेच्छेचे झाले.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हिवरा हे गाव ‘हिवरा आश्रम’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. तेथे तिथीनुसार, पौष वद्य सप्तमीच्या सुमारास, साजऱ्या होणाऱ्या विवेकानंद जन्मोत्सवात या क्रियापदाचे दोन अर्थ एकाच शेतात भेटतात. शेवटच्या दिवशी पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो, तो घेण्यासाठी लाखो लोक उघड्या रानात रांगा धरून मांडी घालून बसतात, आणि रांगांची लांबी माणसाने बादली घेऊन पायी पुरवठा करण्यापलीकडची असल्यामुळे पुऱ्या-भाजीने भरलेले ट्रॅक्टर दोन पंगतींच्या मधून हळूहळू पुढे सरकतात व स्वयंसेवक त्यांतून घेऊन पानांत वाढत जातात. इंग्रजीत या एकाच कृतीला दोन्ही अर्थांनी ‘सर्व्ह’ म्हणता येते: अन्न वाढले जाते म्हणूनही आणि माणसांची सेवा होते म्हणूनही. मराठीत मात्र वाढणारा ‘सेवा’ करतो आणि जेवणारा ‘सेवन’ करतो, म्हणजे पंगतीच्या दोन्ही बाजूंना एकच धातू आहे. शिवाय ‘वाढणे’ हे क्रियापद वृद्धीचेही आहे. देवापुढे नारळ ‘वाढवतात’, बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात. ज्या भाषेत तुटणे-संपणे असे शब्द शुभप्रसंगी टाळले जातात, त्या भाषेत अन्न पानात येण्याला हेच क्रियापद असावे हे फार सुंदर आहे.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या एका बदलाची चिंता वाटण्यासारखी आहे. मराठीत सेवा ‘केली’ जाई. गेल्या काही दशकांत ती ‘दिली’ किंवा ‘पुरवली’ जाऊ लागली आहे. बँक सेवा देते, मोबाइल कंपनी सेवा पुरवते, रुग्णालय सेवा उपलब्ध करून देते, सेवा केंद्रात सर्व्हर बंद पडला की सातबाराचा उतारा थांबतो आणि ‘सेवा खंडित’ झाल्याची सूचना पडद्यावर झळकते. व्यवहारासाठी असा एखादा शब्दप्रयोग लागणार हे मान्य करावेच लागते आणि तो शब्दप्रयोग सर्वस्वी चुकीचाही नाही. मात्र ‘करणे’ जाऊन ‘देणे’ आले, की देणारा आणि घेणारा अशी उतरंड उभी राहते, देणाऱ्याचा हात वर जातो, आणि विवेकानंदांनी मदतीत जो दोष दाखवला होता तोच दोष सेवेच्या नावाखाली परत येतो. शासकीय जाहिरातींत ‘नागरिकांना दिलेल्या सेवा’ मोजल्या जातात, तेव्हा कर भरणारा नागरिक लाभार्थी होऊन बसतो. महाराष्ट्रात २०१५ साली झालेल्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला, म्हणजे कायद्याने निदान तत्त्वतः ही उतरंड नाकारली. कार्यालयीन भाषा अजून तेथवर आलेली नाही.

बोलीने मात्र एक तिसरे क्रियापद जपून ठेवले आहे. नवा कर्मचारी आदेश घेऊन कार्यालयात जातो तेव्हा तो सेवेत ‘रुजू होतो’, आणि मंदिरात किंवा आश्रमाच्या उत्सवात भजन म्हणणारा, पुऱ्या लाटणारा, पाणी देणारा आपली सेवा ‘रुजू करतो’. ‘रुजू’ हा अरबीतून फारसीमार्गे दफ्तरी मराठीत आलेला शब्द आहे. हजर होणे, दाखल होणे, समोर ठेवणे असा त्याचा अर्थ होतो, आणि सेवा रुजू करणारा ती स्वीकारली जावी म्हणून समोर ठेवतो, स्वीकारण्याचा अधिकार समोरच्याकडे राहतो.