केळीच्या रोपाची तपासणी आणि तापमानाचा हिशेब

आपल्या बुऱ्हाणपुरात अनेक घरांचा वर्षाचा ताळेबंद केळीवर ठरतो. टिश्यू कल्चरची रोपे घेताना आपण विचारतो, "व्हायरस तपासलाय ना?" कारण हरण्या, म्हणजेच सीएमव्ही, या रोगावर औषध नाही. लागण झालेले झाड उपटून नष्टच करावे लागते. ही तपासणी कशी होते, ते थोडक्यात पाहू.

रोपात विषाणू अगदी थोडा असला तरी तो सापडावा, म्हणून त्याच्या डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. सीएमव्हीमध्ये आरएनए असतो, त्यापासून आधी डीएनए करून घेतात. प्रती काढण्याच्या पद्धतीला पीसीआर म्हणतात. कॅरी मुलिस यांना तिच्यासाठी १९९३ चे नोबेल मिळाले.

यात तीन टप्पे असतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ५० ते ६५ अंशांदरम्यान प्रायमर नावाचा छोटा तुकडा आपली जागा शोधून चिकटतो. ७२ अंशांना एन्झाइम नवी प्रत तयार करते. दर फेरीला रक्कम दुप्पट! ३० फेऱ्यांत एकाचे साधारण १०७ कोटी होतात.

खरी मेख मधल्या टप्प्यात आहे. बँकेत सही ताडून पाहताना ढिलाई केली तर खोटा चेक पास होतो, फार काटेकोरपणा केला तर खरा खातेदारही परत जातो. तसेच इथे. तापमान कमी ठेवले तर प्रायमर भलत्या जागी चिकटतो. जास्त ठेवले तर योग्य जागीही चिकटत नाही, आणि रोगट रोप 'निरोगी' ठरून शेतात जाते.

मग तापमान ठरवायचे कसे? ढोबळ हिशेब सोपा आहे. प्रायमरमधील प्रत्येक ए व टी अक्षराचे २ अंश, जी व सी चे ४ अंश धरायचे. दोन्ही प्रकारची दहा-दहा अक्षरे असतील तर बेरीज ६०. त्यातून ५ वजा करून ५५ पासून सुरुवात करतात. पुढे एकाच यंत्रात शेजारच्या नळ्यांना वेगवेगळे तापमान देऊन पाहतात. जिथे अपेक्षित लांबीचा एकच ठळक पट्टा दिसतो, ते तापमान पक्के करतात.

प्रत्येक तपासणीत एक माहीत असलेला रोगट नमुना आणि एक निरोगी नमुनाही सोबत लावतात. रोगट नमुन्याचा पट्टा उमटला तरच बाकीच्यांच्या 'निगेटिव्ह'ला अर्थ आहे.

टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहे. म्हणून रोपे घेताना बिलाबरोबर त्या लॉटचा तपासणी अहवालही मागून घ्यावा.